पाण्याची परीक्षा

बाळंतपणाच्या वॉर्डात नोकरी केलेल्या सिस्टर जमल्या की त्यांच्या गोष्टी संपत नाहीत. एकीला रिक्षात झालं, एकीला लिफ्टमध्ये झालं, एकीला जुळं होऊन वर तिसरं निघालं. मग कुणीतरी माझ्याकडे वळतं. "भालेराव, तू सांग की काहीतरी." मी म्हणते, माझ्याकडे काय असणार, मी नोकरीभर लोकांची लघवी मोजली. सगळ्या हसतात, विषय बदलतो. पण खरं सांगू का, साठलंय माझ्याकडेच जास्त. त्यांच्या गोष्टी त्याच दिवशी डबा खाताना सांगून व्हायच्या. माझ्या कुणाला सांगायच्या? आज तुम्ही विचारलंत, चहाही दुसऱ्यांदा झाला, तर ऐका.

पिंपरीला कामगारांचं हॉस्पिटल होतं, तिथली ही गोष्ट. सत्तर साल नुकतंच उलटलं होतं. डॉक्टर नाडगौडा मुंबईहून लघवीच्या रोगांचं शिकून आले आणि त्यांनी मागच्या बाजूची एक खोली मागून घेतली. त्यात एक टेबल, सलाइनचा स्टँड आणि भिंतीला एक उभी फळी. फळीवर काचेची नळी आणि नळीशेजारी सेंटिमीटरच्या खुणा. रोग्याच्या पोटातल्या लघवीच्या पिशवीत बारीक रबरी नळी घालायची, तिच्यातून सलाइन थोडं थोडं आत सोडायचं. दर पन्नास मिलिलिटरला थांबायचं, पिशवीत किती दाब झालाय ते काचेच्या नळीतलं पाणी किती चढलं त्यावरून वाचायचं, आणि आत काय जाणवतंय ते रोग्याला विचारायचं. चांगली पिशवी चारशेपर्यंत भरली तरी पाणी जागचं हलत नाही. ज्यांना सारखी, अगदी कपड्यात होईल अशी घाई लागते, त्यांची पिशवी शंभर-दीडशेलाच आपणहून आवळते आणि पाणी सरसर वर जातं. एवढंच. कामगार तिला पाण्याची परीक्षा म्हणायचे.

त्या खोलीवर जायला एकही सिस्टर तयार नव्हती. मेट्रनबाईंनी मला बोलावलं आणि म्हणाल्या, "भालेराव, तू घे ही ड्यूटी. तुझं काही नाही ना असल्या गोष्टींचं?"

आमची वस्ती रेल्वेलाइनच्या कडेला, वडील फाउंड्रीत, घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर. 'तुझं काही नाही ना' म्हणजे काय, ते त्यांनाही कळत होतं आणि मलाही. मी म्हटलं, "नाही, माझं काही नाही."

* * *

पहिला रोगी स्वतः डॉक्टर.

म्हणाले, "जे मी सोसलं नाही ते दुसऱ्याला सोसायला सांगणार नाही." पडद्याआड जाऊन त्यांनी स्वतःच नळी घालून घेतली, टेबलावर आडवे झाले, अंगावर चादर ओढली आणि मला म्हणाले, "सोडा पाणी. वाचा. मी सांगीन ते लिहा."

मी तेवीस वर्षांची. डॉक्टर पस्तिशीचे. मी फळीकडे तोंड करून उभी राहिले ते वळलेच नाही. शंभर. दोनशे. नळीतलं पाणी सहावर. अडीचशेला डॉक्टर म्हणाले, "जोराची लागली." पाणी सहावरच. तीनशेला म्हणाले, "आता थांबवत नाही." पाणी सातवर.

"नाही हो डॉक्टर," मी म्हटलं, "तुमची पिशवी शांत आहे."

त्यांनी मान वळवून फळीकडे पाहिलं. मग म्हणाले, "म्हणजे ही पिशवी नाही. ही लाज आहे. लिहा तसं."

"काय लिहू?"

"लाज. तीनशे मिलिलिटरला."

मी लिहिलं. त्यानंतर डॉक्टरांनी फॉर्म छापून घेतले तेव्हा शेवटचा रकाना रिकामा ठेवला आणि त्याला काहीच नाव दिलं नाही.

* * *

दत्तू सोनवणे मराठवाड्यातून आलेला, चाळिशीचा, एका मोठ्या कारखान्यात ओव्हरहेड क्रेन चालवायचा. शेडच्या छताखाली रुळावर क्रेन, तिच्या पोटाला टांगलेली पत्र्याची केबिन, आणि खाली यायला बेचाळीस पायऱ्यांची लोखंडी शिडी. दत्तूला दिवसातून चौदा वेळा लागायची. चौदा वेळा बेचाळीस पायऱ्या उतरायच्या आणि चढायच्या, तोवर खाली माल लटकलेला आणि फोरमन ओरडतोय. दत्तूने टॉनिकची रिकामी बाटली वर नेऊन ठेवली. दोन वर्षं निभावलं.

एके दिवशी क्रेनला हिसका बसला, बाटली घरंगळली आणि केबिनच्या दारातून खाली गेली. फोरमनच्या पायाशी फुटली. चार्जशीट आली. त्यात लिहिलं होतं, वरिष्ठांचा हेतुपुरस्सर अपमान.

आमच्याकडे पाठवला तेव्हा तो माणूस मान वर करत नव्हता. एकशे तीसला पाणी चाळीसच्या खुणेवर गेलं आणि नळीच्या बाजूने सगळं टेबलावर सांडलं. "म्या नाही केलं हो," तो म्हणाला. "आपोआप झालं." डॉक्टर म्हणाले, "तेच तर लिहायचंय."

डॉक्टरांनी कंपनीला पत्र धाडलं. या कामगाराची लघवीची पिशवी रोगट आहे, यात त्याचा हेतू नाही, याला जमिनीवरचं, संडासाजवळचं काम द्यावं.

कंपनीने अक्षरशः तेच केलं. दत्तूला कामगारांच्या संडासाच्या दाराशी स्टूल दिलं, हातात वही दिली. कोण आत गेलं, किती वाजता गेलं, किती मिनिटांनी बाहेर आलं, ते लिहायचं. क्रेन ऑपरेटर होता तो. खालची माणसं मान वर करून त्याच्याकडे बघायची.

महिन्याने गोळ्या न्यायला आला. मी विचारलं, "कसं काय आता?"

"आता लई जवळ झालं, बाई."

"आणि ती वही?"

"लिव्हतो की. साहेब रोज संध्याकाळी बघतात." गोळ्यांची पुडी खिशात घातली. "वहीत एकच नाव असतंय. माझं. चौदा डाव."

* * *

आमच्या खोलीतली आया हौसामावशी. हॉस्पिटलात आयांना मावशीच म्हणायचं. ही जुन्या गावातली, पन्नाशी ओलांडलेली, काळी, काटक. तिच्या घरची जमीन कारखान्यांत गेली होती. खिडकीतून एका कारखान्याची धुरांडी दिसायची. तिकडे हात करून ती म्हणायची, "त्या धुरांड्याखाली आमचं जवारीचं रान हाय." 'होतं' असं ती कधी म्हणाली नाही.

तर वत्सलाची गोष्ट. वत्सला भोसरीला विजेचे स्विच बनवायच्या कारखान्यात, बत्तीस बायकांच्या लाइनवर. खिळ्याला एक पितळी बिल्ला लटकवलेला. जिला जायचं तिने तो घ्यायचा, आली की परत लावायचा. बत्तीस बायकांत एक बिल्ला. वत्सलाला तासातून दोनदा लागायची. तिने उपाय काढला, सकाळी उठल्यापासून सुट्टी होईपर्यंत पाणीच प्यायचं नाही. उन्हाळ्यात एक दिवस लाइनवर चक्कर येऊन पडली, तेव्हा आमच्याकडे आली. ओठ फुटलेले, लघवी काढ्यासारखी.

परीक्षेत एकशे दहालाच पाणी वर गेलं. डॉक्टरांनी तिला समजावलं, "तुमच्या पिशवीला वाईट सवय लागलीय. पाणी कमी पिऊन ती जास्तच चिडते. तिला नवी सवय लावायची. लागली म्हणून जायचं नाही, वेळ झाली म्हणून जायचं. हा आठवडा एका तासाने, पुढचा सव्वा तासाने, मग दीड. गोळ्यांपेक्षा हे चांगलं." तीन आठवड्यांची सिक लीव्ह लिहून दिली.

वत्सला म्हणाली, "घरात घड्याळ नाही."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. एवढी वर्षं शिकले, पण हे कुठे शिकवलेलं नव्हतं.

हौसामावशी लादी पुसता पुसता म्हणाली, "घड्याळ कशाला लागतंय? भोंगं हायेत की." आणि तिने कपडा खाली ठेवून पहाटेपासूनचे सगळे कारखान्यांचे भोंगे बोटांवर मोजून दाखवले. सातचा कुणाचा, साडेसातचा कुणाचा, आठचा बारीक आवाजाचा, नऊचा, दहाचा लांब, अकराचा, साडेबाराचा, मग दीडचा. मी ते कागदावर उतरवलं. पहिल्या आठवड्यात या या भोंग्याला जायचं, दुसऱ्या आठवड्यात मधले हे सोडायचे, असं. वत्सलाला वाचता येत होतं.

आणि जमलं, बरं का. आठव्या आठवड्यात ती जेवणाच्या सुट्टीपर्यंत बिल्ल्याला हात न लावता बसली. पाणी पिऊन. परत परीक्षा केली तेव्हा तीनशेपर्यंत पाणी हललं नाही. डॉक्टरांनी मला दोनदा वाचायला लावलं.

मग त्या वर्षी एका मोठ्या कारखान्यात टाळेबंदी झाली. वत्सलाचा नवरा तिथेच फिटर. काही महिन्यांनी ती परत आली, पुन्हा तशीच, ओठ फुटलेले.

"काय झालं?" मी विचारलं.

"दहाचा लांब भोंगा त्यांच्या कंपनीचा होता. तो बंद झाला. माझं सगळं बिघडलं."

"मग दुसरा धर एखादा."

"यांनी धरू दिला तर ना. दिवसभर घरात बसून असतात. दुसऱ्याकडून घड्याळ आणलंय मागून." ती पदराशी चाळा करत बोलत होती. "म्हणतात, वेळ मी सांगतो. आता सुट्टीच्या दिवशी यांना विचारून जाते."

* * *

गणपत तळेगावचा. लोकलने यायचा, एका फाउंड्रीत भट्टीवर कामाला. पंचेचाळिशीचा, उंच, बोलायला हसरा. त्याचं सगळं आयुष्य लघवीने आखून दिलं होतं. लोकलमध्ये बसायचा ते दाराजवळ, प्रत्येक स्टेशनवर मुतारी कुठे आहे ते पाठ. लग्नाला जायचा नाही, कीर्तनाला बसायचा नाही. परीक्षेत पिशवी चांगलीच आवळलेली निघाली आणि डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. त्या गोळ्यांनी पिशवी सैल पडते. तोंड कोरडं पडतं, थोडं धूसर दिसतं, ते आम्ही सगळ्यांना सांगायचो.

गणपतला गोळी अशी लागू पडली की काय सांगू. दोन महिन्यांत वीस वेळांचं सहा वेळांवर आलं. येताना आमच्यासाठी घरची चिंचेची आमटी डब्यात घेऊन आला. "सिस्टर, मधल्या स्टेशनात लोकल थांबली आणि मी उतरलो नाही," हे असं सांगितलं, जसं कुणी मुलगा पास झाल्याचं सांगतं.

मे महिन्यात एका दुपारी त्याला ट्रकच्या मागे घालून आणलं. भट्टीपुढे कोसळला होता. मी अंगाला हात लावला आणि मागे घेतला. तव्यासारखं अंग, आणि कोरडं. भट्टीवरून आलेल्या माणसाच्या अंगावर घामाचा एक थेंब नाही. बर्फ लावला, सलाइन लावलं, ओल्या चादरी गुंडाळल्या. चार वाजता गेला.

डॉक्टर त्याच्या कोरड्या छातीवर हात ठेवून उभे होते. हळूच म्हणाले, "त्या गोळीने घामही थांबतो."

मी ओली चादर वर ओढली.

"पुस्तकात आहे," ते म्हणाले. "मी वाचलेलं आहे. तो भट्टीवर असतो हे त्याने पहिल्या दिवशी सांगितलं होतं का?"

"फॉर्मवर आहे," मी म्हटलं. मीच लिहिलं होतं.

तेराव्यानंतर डॉक्टर तळेगावला गेले, मलाही बरोबर नेलं. वाटेत त्यांनी ठरवलं होतं की त्याच्या बायकोला सगळं सांगायचं, गोळी आपण दिली, चूक आपली होती. गणपतच्या बायकोने आम्हाला ओळखलं. घोंगडी अंथरून बसवलं, पाणी दिलं. डॉक्टरांनी तोंड उघडायच्या आत तीच बोलायला लागली.

"तुमचे उपकार आहेत, डॉक्टर. मागच्या महिन्यात यांनी मला सिनेमाला नेलं. लग्नानंतर पहिल्यांदा. तीन तासांचा सिनेमा, शेवटपर्यंत बसले. एकदाही उठले नाहीत."

डॉक्टरांनी तरी सांगितलं. सगळं सांगितलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "होय का," आणि रिकामे पेले उचलून आत गेली. आम्ही बराच वेळ बसलो. ती बाहेर आली नाही.

त्यानंतर चार महिने डॉक्टरांनी कुणालाही ती गोळी लिहिली नाही. मग लिहायला लागले, पण आधी प्रत्येकाला विचारायचे, काम कुठे, उन्हात का, भट्टीवर का. बँकेतल्या कारकुनालाही विचारायचे.

* * *

यशवंतला त्याच्या कंपनीच्या पर्सोनेल ऑफिसरसकट पाठवलं होतं. साहेबांच्या हातात फाइल. कंपनीला संशय होता की हा माणूस कामचुकार आहे आणि आमची परीक्षाच खोटी आहे. साहेब म्हणाले, "मी बाहेर थांबतो, पण रिझल्ट मला डोळ्यांनी बघायचाय."

यशवंत तीस-बत्तिशीचा, लेथवर काम करणारा. टेबलावर चढताना मला म्हणाला, "सिस्टर, मी नापास झालो पाहिजे. पास झालो तर नोकरी गेली."

मी पाणी सोडलं. शंभर, दोनशे, तीनशे. पाणी आठवर. साडेतीनशे, आठवर. त्याने नळीकडे बघितलं आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. "मशीनवर असताना होतं हो," तो म्हणाला. "शपथेवर सांगतो."

तेवढ्यात साहेबांचा धीर सुटला. दार ढकलून आत आले. "काय, किती वेळ?"

नळीतलं पाणी पस्तिसावर.

डॉक्टरांनी पटकन यशवंतच्या पोटावर हात ठेवला. माणूस कुंथत असेल तर पोट कडक लागतं. पोट मऊ होतं. डॉक्टर म्हणाले, "साहेब, जरा बाहेर थांबा." साहेब बाहेर गेले. दार लागलं. पाणी खाली उतरत गेलं, बारा, दहा, नऊ. डॉक्टरांनी दाराकडे बघून हाक मारली, "या." साहेब आत. पाणी तिसाच्या वर. असं तीनदा केलं. तिसऱ्यांदा साहेबांनाच फळीसमोर उभं केलं.

साहेब म्हणाले, "हा मुद्दाम करतोय."

डॉक्टर म्हणाले, "ठीक आहे. याच्यानंतर तुम्ही झोपा टेबलावर. मुद्दाम करून दाखवा."

साहेब फाइल घेऊन गेले. डॉक्टरांनी जे दिसलं तेच रिपोर्टात लिहिलं, एका शब्दाचाही फरक न करता. कंपनीने उत्तर दिलं की पिशवी निरोगी असल्याचं आपणच कळवलं आहे, सबब सदर कामगारास कमी करण्यात येत आहे. डॉक्टरांनी तीन पत्रं पाठवली. एकाचंही उत्तर आलं नाही.

वर्षाने यशवंत चाकणच्या बाजारात भेटला. सायकलला पिशव्या लावून लसूण विकत होता. मी न राहवून विचारलं, "आता किती वेळा?"

"दिवसातून चार," तो म्हणाला. "अख्ख्या चाळीत माझ्यासारखी तब्येत कुणाची नाही."

* * *

आता हौसामावशीचं सांगते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

आठ वर्षं ती माझ्याबरोबर त्या खोलीत होती. रोजंदारीवर. तिची कायम होण्याची ऑर्डर निघायची होती, मेट्रनबाईंच्या टेबलावर कागद तयार होता. त्या दिवसांत माझ्या लक्षात आलं की मावशीच्या लुगड्याला मागे ओल असते. पिशवीत जादा लुगडं असतं. मधून मधून नाहीशी होते.

दार लावून मी विचारलं. तिने पदर मागे ओढून घेतला. मग म्हणाली, "घडी घडी जावं लागतंय. जाऊन येते तर पुन्यांदा थेंब थेंब चालूच."

"किती दिवस?"

"दोन वर्सं झाली आसतील."

"आणि तू या खोलीत काम करतेस? चढ टेबलावर. डॉक्टरांना सांगते."

"न्हाई. मी न्हाई चढायची. मी रोज बगते की मानसं कशी रडत्यात ती." मग माझा हात धरला. "तू मला त्या गोळ्या दे. त्या सैल पडायच्या. समद्यांना देतात त्याच."

मी सांगायला हवं होतं की परीक्षेशिवाय नाही. पण आठ वर्षांत मी शेकड्यांनी माणसं बघितली होती. सारखी लागते, थांबत नाही, कपड्यात होते. ऐकूनच मला कळायचं नळी किती चढणार. ट्रेमधून मी दहा गोळ्या काढल्या, कागदात बांधल्या आणि तिच्या हातात दिल्या. "सकाळ-संध्याकाळ एकेक," मी म्हटलं.

चौथ्या दिवशी ती आली नाही. पाचव्या दिवशी तिच्या मुलाने टेम्पोत घालून आणली. पोट आठ महिन्यांच्या बाईसारखं, चेहरा सुजलेला, अर्धवट शुद्धीत. डॉक्टरांनी नळी घातली. मी भांडं धरून उभी. भांडं भरलं, दुसरं घेतलं. चौदाशे मिलिलिटर.

डॉक्टरांनी लघवीतली साखर तपासली. भरपूर होती. कधीपासून कोण जाणे. "हिची पिशवी आवळत नव्हतीच," ते म्हणाले. "साखरेने नसा मेल्यात. पिशवी भरायची आणि भरून बाहेर सांडायची. आणि मग कुणीतरी हिला ती सैल पाडायची गोळी दिली. होती नव्हती तेवढी ताकद गेली. किडनीवर आलंय." त्यांनी मावशीच्या मुलाकडे बघितलं, त्याच्या हातात माझा कागद होता, त्यात तीन गोळ्या उरलेल्या. "ह्या कुणी दिल्या?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं.

पोट मोकळं झालं तशी मावशी शुद्धीवर आली होती. ती टेबलावरून म्हणाली, "म्या घेतल्या. ट्रेमदून. चोरून."

डॉक्टर म्हणाले, "मावशी, खरं सांगा."

"खरंच की. सिस्टर भायेर गेल्या व्हत्या तवा घेतल्या."

तिने माझ्याकडे बघितलं नाही. मी तोंड मिटलं. घरी सात माणसं होती, वडिलांची फाउंड्री सुटली होती, हे सगळं खरं आहे, पण त्या वेळी मला यातलं काही आठवलं नव्हतं. मी नुसती घाबरले होते.

मेट्रनबाईंनी चौकशी केली. मावशीने तिथेही तेच सांगितलं आणि अंगठा उठवला. कायम होण्याची ऑर्डर रद्द झाली. डॉक्टरांनी मध्ये पडून रोजंदारी तेवढी टिकवली. पोटात कायमची नळी आणि कमरेला लघवीची बाटली घेऊन ती महिन्याने कामावर आली. लुगड्याच्या आत बाटली दिसायची नाही, पण चालताना आवाज यायचा.

मी तिला तीनदा एकटीला गाठलं. तिन्ही वेळा मी "मावशी" म्हणेपर्यंत ती बादली उचलून निघून गेली.

मग डॉक्टर म्हणाले की पिशवीत काही जीव परत आलाय का ते बघायला हवं, परीक्षा केली पाहिजे. या खेपेला ती नाही म्हणाली नाही. स्वतःच चादर बदलली, स्वतःच टेबलावर चढली. डॉक्टरांनी पाणी सोडलं. फळीशी मी.

दोनशेला मी विचारलं, "काय वाटतंय, मावशी?"

"काय न्हाई."

तीनशे. पाणी तीनवर. "काय वाटतंय?"

"काय न्हाई."

पाचशे. तीनवरच. खिडकीतून धूर दिसत होता आणि ती त्याच्याकडे बघत होती. मला प्रत्येक पन्नासला विचारावंच लागत होतं, तो नियमच होता. साडेपाचशे. सहाशे. इथे मी नुसता आकडा सांगितला, तेव्हा डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "सिस्टर, विचारा."

सातशे.

"मावशी," मी म्हटलं, "खरं सांग. काहीच वाटत नाही?"

तिने मान वळवली आणि त्या दिवसानंतर पहिल्यांदा सरळ माझ्याकडे बघितलं.

"कितीदा इचारशील, पोरी? मला काय वाटत न्हाई."